तुरळक ठिकाणी

सकाळी साडेआठला कर्जत लोकल दिव्याच्या आसपास असते आणि मी तिच्यात असतो. म्हणजे माझा बराचसा भाग असतो. एक पाय कुणाच्या तरी बुटावर, एक हात वरच्या कडीत. नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज.

"कुठं आहेस?"

"गाडीत, काका. दिवा गेलं."

"पाऊस?"

"आहे."

"आहे म्हणजे?"

"पडतोय."

"पाऊस पडणारच. चढणारा पाऊस मी अजून पाहिलेला नाही. किती पडतोय ते सांग."

"बऱ्यापैकी आहे, काका."

पलीकडे शांतता. बऱ्यापैकी, धो धो, मुसळधार, रिपरिप हे सगळे शब्द काकांच्या लेखी सांगणाऱ्याच्या आळसाचे प्रकार आहेत. थोड्या वेळाने आवाज येतो, "कडाव, सत्तेचाळीस पूर्णांक दोन. माथेरान, एकशे एकोणतीस. वरच्या वाडीचा फोन लागत नाही. घे लिहून." आणि फोन बंद. आता मी लिहून कुठं घेणार? पुढच्या माणसाच्या पाठीवर?

साडेआठ ही वेळ काकांनी शोधलेली नाही. देशभरातल्या वेधशाळा सकाळी साडेआठला पर्जन्यमापक रिकामा करतात. आदल्या साडेआठपासून या साडेआठपर्यंत जे साचलं, तो त्या दिवसाचा पाऊस. १८७५ साली स्थापन झालेलं भारतीय हवामान खातं आणि कडावचे काका, या दोनच संस्था या बाबतीत मिनिटाची सूट देत नाहीत असं काकांचं मत आहे. पैकी पहिल्या संस्थेबद्दल त्यांना अधूनमधून शंका येते.

गावात त्यांना बँकरकाका म्हणतात. नवखा माणूस यावरून हमखास फसतो. कर्जाला जामीन राहाल का, म्हणून विचारायला आलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. लग्नाच्या वेळी मुलगा बँकर आहे एवढंच मुलीकडच्यांच्या कानावर गेलं आणि वडिलांनी त्याच दिवशी होकार कळवला, हे काकू अजून सांगतात. उलगडा साखरपुड्याला झाला, तोवर नारळ फुटला होता.

तर बँकर म्हणजे इंजिन. कर्जतहून लोणावळ्याला जाणारी गाडी बोरघाट एकट्या इंजिनाच्या जोरावर चढत नाही. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं लावतात आणि ती मागून ढकलत तिला वर पोचवतात. ही ढकलणारी इंजिनं म्हणजे बँकर, आणि काका त्यांच्यावर ड्रायव्हर. पुढच्या इंजिनवाल्याला रूळ दिसतात, बोगदे दिसतात, सिग्नल दिसतात. बँकरवाल्याला जन्मभर समोर दिसते ती शेवटच्या डब्याची पाठ. मग तो बाजूला बघायला लागतो. काकांनी तीस वर्षं बाजूला पाहिलं, आणि बाजूला पाऊस होता.

पळसदरीला घामाने सदरा अंगाला चिकटलेला. ठाकूरवाडीला एक सर येऊन तोच सदरा भिजवून गेलेली. नागनाथला लख्ख ऊन. मंकी हिलला ढग एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर, विनातिकीट. खंडाळ्याला अंगावर काटा. कर्जत ते लोणावळा अंतर अठ्ठावीस किलोमीटर, आणि उंचीतला फरक साडेपाचशे मीटरांवर. एवढ्यात काका दोनदा भिजायचे, दोनदा वाळायचे. लोणावळ्याला चहा घेताना हातात पेपर यायचा, त्यात छापलेलं असायचं, 'मुंबई-पुणे परिसरात पाऊस.' काका टपरीवाल्याला विचारायचे, "यातला कुठला परिसर? मी आत्ता पाच परिसर बघून आलो." टपरीवाला म्हणायचा, "साखर कमी का नेहमीची?"

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. काका कडावला आपल्या अंगणात गेले आणि तिथेच राहिले.

कडाव कर्जतहून काशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बालदिगंबर गणपतीसाठी लोक येतात, दर्शन घेतात, नारळ फोडतात, जातात. भूगोल बघायला कुणी येत नाही, हे काकांचं दुःख. गाव समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा नाही. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, वर आठशे मीटर. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यावर भीमाशंकरचं जंगल, हजार मीटरच्या आसपास. "आपण परातीच्या तळाला बसलोय," काका म्हणतात, "आणि परातीच्या दोन्ही काठांवर काय शिजतंय याची गावाला खबर नाही."

खबर ठेवण्यासाठी त्यांनी आधी पेटी केली. पाडलेल्या घराच्या झडपांच्या खिडक्या आणून चार बाजूंना लावल्या, पांढरा रंग दिला आणि चार फूट उंच पायांवर उभी केली. आतून वारा खेळला पाहिजे पण ऊन शिरता कामा नये. थर्मामीटर उन्हात ठेवला तर तो उन्हाचं तापमान दाखवतो, हवेचं नाही. ही रचना थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन त्याचा मुलगा. "पोराने खजिन्याची गोष्ट लिहिली," काका सांगतात, "पण खजिना ठेवायची पेटी बापाने केली."

गावाने पेटीचे अर्थ आपल्या परीने लावले. आधी मधमाश्या, मग कबुतरं. एका आजींना ती घुमटी वाटली. जाता-येता त्या तिच्यावर जास्वंदीचं फूल ठेवायच्या. काकांनी तापमान समजावून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फुलाबरोबर साखरही ठेवली. मुंग्या आल्या. काकूंचा अर्थ सगळ्यांत व्यवहारी होता. सावली आहे, वारा आहे, मांजर पोचत नाही, म्हणून त्या पेटीत दह्याचं विरजण ठेवायच्या. त्या विरजणाने पारा अर्धा अंश वर सरकतो असं काकांचं म्हणणं. "अहो, दही लागतंय ना चांगलं?" काकूंचं उत्तर. वहीत त्या काळातल्या काही तारखांपुढे बारीक अक्षरात 'दही' असा शेरा आहे.

मग बाटली. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळं म्हणून वर बसवायचा. तळाला खळगे असतात, त्यात सिमेंट ओतून तळ सपाट करायचा. बाहेरून शाळेतली पट्टी चिकटवायची, तिचा शून्य बरोबर सिमेंटच्या वरच्या कडेला. झाला पर्जन्यमापक. भांडं वाटीएवढं असो की विहिरीएवढं, कडा सरळ असतील तर पाण्याची उंची तीच भरते, हे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून देत. कुणाला पटत नसे. शेजारचे एक शेतकरी तर ठाम होते की त्यांच्या दोनशे लिटरच्या पिंपात जास्तच पडतो.

याच शेजाऱ्यांशी काकांचा ऐतिहासिक तंटा झाला. सरकारी हिशोबात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. लावणी नुकतीच झालेली, बांध फुटला, मुठा वाहून गेल्या. शेजारी सकाळी दारात उभे.

"काका, किती?"

"एकसष्ट."

"चार कमी पडले."

"पडले नाहीत."

"मग घाला की वरून! घरात पाणी नाय का?"

काकांनी चष्मा काढला. "चार मिलिमीटर म्हणजे किती माहीत आहे? एका गुंठ्यावर चारशे लिटर. तुझं खाचर वीस गुंठे. आठ हजार लिटर पाणी मी वहीत कुठून आणू?"

"काका, तुमची वही बघायला कोण येतंय?"

खरं होतं. सरकार मोजतं ते महसूल मंडळाच्या यंत्रावर; काकांची बाटली कुणी विचारात घेत नाही. शेजाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. तरीही ते चार मिलिमीटर मिळावेत ही त्यांची इच्छा, आणि तरीही ते द्यायचे नाहीत हा काकांचा निर्धार. दोघं आठवडाभर बोलले नाहीत.

काकांचा आणखी एक गुण गावाला सोसत नाही. ते होणारा पाऊस सांगत नाहीत. लग्न आहे, स्लॅब टाकायचाय, साखरपुड्याचा मांडव बाहेर घालू का, म्हणून लोक येतात. काका वही उघडून गेल्या नऊ वर्षांत त्या तारखेला किती पडला ते वाचून दाखवतात. "अहो, पण उद्या?" "उद्याचा उद्या मोजीन." लोक मग भटजींकडे जातात. ते पंचांग बघून सांगतात, पुनर्वसू लागलंय, वाहन बेडूक, पाऊस चांगला. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासवांचा, पूर्वाचा सुनांचा, ही नावं काकांनाही पाठ आहेत आणि मनातून आवडतातही. पण ते भटजींना गाठून विचारतात, "बेडकाचे किती मिलिमीटर?"

त्यांचा खरा राग जिल्ह्यावर आहे. 'रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' हे वाक्य रेडिओवर आलं की ते रेडिओशी बोलायला लागतात. खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. "म्हणजे चारांत एकाकडे पडला की यांचं बरोबर. पण तो एक कोण? ते कुणी सांगत नाही. ते सांगायला आम्ही बसलोय." पुरावा म्हणून २६ जुलै २००५ कायम खिशात. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. वाद आणखी वाढला तर महाबळेश्वर आणि वाई बाहेर निघतात: डोंगरावर वर्षाला साडेपाच हजारांच्या पुढे, बत्तीस किलोमीटरवर खाली हजारसुद्धा नाही. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याचा पारा ४६.५ वर गेल्याची बातमी झळकली, तेव्हा पुण्याच्या मेव्हण्याने काळजीने फोन केला, "रायगडात फार तापलंय म्हणे." काका म्हणाले, "मी रायगडात राहत नाही. मी कडावला राहतो."

एका अंगणावर समाधान होईना तेव्हा काकांनी परातीचे दोन्ही काठ ताब्यात घेतले. माथेरानला दस्तुरीजवळ घोडा घेऊन उभा राहणारा एक जुना दोस्त, आणि खांडसच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर अभयारण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवरचा ठाकर पोरगा, जो शनिवार-रविवारी गिर्यारोहकांना वाट दाखवतो. दोघांना एकेक बाटली, एकेक थर्मामीटर आणि तासाभराचं भाषण देण्यात आलं.

माथेरानचे आकडे रुबाबदार असत. कडावला पन्नास, तर तिकडे सव्वाशे. समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला थडकते, वर ढकलली जाते, वर गेली की गार होते, गार झाली की तिला पाणी पेलवत नाही. "मागून ढकललं की वर चढतं, आणि चढलं की घाम गाळतं," काका म्हणतात. यात त्यांना आपल्या खात्याची आठवण येत असावी. एकदा भर जुलैत माथेरानहून शून्य आला. काकांना रात्रभर झोप नाही. सकाळी उलगडा झाला: माकडाने बाटली उपसून पाणी पिऊन टाकलं होतं. वहीत त्या रकान्यात 'माकड' असं लिहिलं आहे. दुसऱ्या एका खेपेस काका स्वतः वर गेले आणि टपरीवाल्याच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवून म्हणाले, "तुझं पाणी सत्त्याण्णववर उकळतं." टपरीवाला भडकला. भेसळीचा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केला नव्हता. उंचीवर हवेचा दाब कमी, तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, हे समजावेपर्यंत चहा कडू झाला आणि त्याचेही पैसे काकांनाच द्यावे लागले.

वाडीवरच्या पोराचं वेगळं. तो आकडा सांगायचा आणि पुढे दोन वाक्यं फुकट. "काका, बावन. आज ढग पदरगडाच्या कमरेला हाय, दोन दिस उघडत नाय." काका म्हणायचे, "तेवढं राहू दे, आकडा सांग." पण दोन दिवस खरोखर उघडायचं नाही. असं सात-आठ वेळा झाल्यावर काकांनी वहीत गुपचूप एक नवा रकाना आखला. मी तो पाहिला तेव्हा त्यांनी वही मिटायचा प्रयत्न केला. वर लिहिलं होतं, 'ढग कुठवर', आणि खाली ओळीने: टाच, गुडघा, गुडघा, कंबर, गळा. बऱ्यापैकी या शब्दावर फोन ठेवणारा माणूस!

मागच्या ऑगस्टात एका रविवारी काका मला भीमाशंकरला घेऊन गेले. दर्शन झालं, पण ते 'आलोच आहोत तर' या कलमाखाली. मुख्य काम पारा. एस.टी.ने खांडस, तिथून गणेश घाटाने वर, सगळा मिळून आठशे मीटरचा चढ. दर शंभर मीटरला थांबायचं, हा नियम. माझ्या फुप्फुसांनी तो मनापासून पाळला. थांबलं की काका पिशवीतून दोरीला बांधलेला थर्मामीटर काढत आणि गोफणीसारखा डोक्याभोवती गरगर फिरवत. स्थिर हवेत पारा आळसावतो म्हणे. वर चढणाऱ्या पोरांचा एक घोळका थांबला. त्यातल्या एकाने आदराने विचारलं, "काका, रेंज शोधताय का?"

हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. लोक येतात ते शेकरू बघायला. आमच्या डोक्यावरच्या फांदीवर एक शेकरू झुबकेदार शेपूट खाली सोडून बराच वेळ बसलं होतं. त्याने असं गोफण फिरवणारं जनावर या जंगलात पूर्वी पाहिलं नसावं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खांडसला साडेसत्तावीस होता, मधल्या वाडीवर पंचवीस, माथ्यावर साडेतेवीस. "बघ! हवा कोरडी असती तर दर हजार मीटरला जवळजवळ दहा अंशांनी उतरली असती. पण ढगात वाफेचं पाणी होतं तेव्हा ती आपली ऊब सोडते, म्हणून पाचच." हे ते ओल्या टॉवेलने चष्मा पुसत, ढगात उभे राहून, आनंदाने ओरडून सांगत होते. मला दहा फुटांवरचे काका दिसत नव्हते. व्याख्यान तेवढं येत होतं.

वरचा पाऊस खालच्याहून वेगळ्या जातीचा. खांडसला टपोऱ्या सरी, सर गेली की उघडीप. वर तो पडत नव्हताच, नुसता लटकला होता. उघड्यावर बाटली ठेवली तर तासात तळ ओला होईना. आणि झाडाखाली मात्र टपटप, टपटप. पानं ढग गाळत होती. काकांसमोर धर्मसंकट. नियम सांगतो, पर्जन्यमापक झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. पण हे जंगल जे पाणी पितं त्यातलं काही तर झाडांनीच ढगातून ओढून घेतलेलं. ते मोजायचं की नाही? चहाच्या झोपडीतल्या मावशींनी निकाल दिला, "पानी ते पानी." काकांनी तो वहीत लिहून घेतला, पण अवतरणचिन्हांत.

कड्यावर आल्यावर त्यांनी उत्तरेकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरले. "डाव्या हातावर पडला तो उल्हासात. उद्या-परवा वसईची खाडी, अरबी समुद्र. उजव्या हातावर पडला तो भीमेत. पंढरपूर करून कृष्णेत, आंध्रात, बंगालचा उपसागर. मधे फक्त मी." दोन समुद्रांना असे दोन हात देऊन ते उभे असताना मला जरा भरून आलं. मग ते म्हणाले, "पण हा हिशोब टाटांनी उलटवला ना!" मावळात ठोकरवाडीला धरण आहे. त्यातलं आंध्रा नदीचं पाणी खरं तर इंद्रायणीतून भीमेला जाणारं. ते नळांतून कड्याखाली भिवपुरीला सोडतात, १९२२ पासून त्यावर वीज होते, आणि तेच पाणी मग पेज नदीला मिळतं. म्हणून पेजच्या काठाला उन्हाळ्यातही भात उभं असतं. "म्हणजे मेमध्ये आपल्या खाचरात घाटावरचा जुलैमधला पाऊस असतो," काकांनी हात खाली घेतले. "तो कुठल्या रकान्यात लिहू?"

वर गेलं की गार, या सिद्धान्तावर काकांनी आयुष्य काढलं. त्यामुळे एका जानेवारीत माथेरानहून 'पंधरा पूर्णांक आठ' असा आकडा आला आणि कडावच्या पेटीत अकरा पूर्णांक चार निघाले, तेव्हा त्यांना तो देशद्रोह वाटला.

"तू थर्मामीटर चुलीजवळ ठेवलायस."

"काका, चूल नाय. घोडा हाय."

"मग घोड्यापासून लांब ठेव."

घोडा दूर गेला, आकडा तोच. पाच दिवस हीच तऱ्हा. सहाव्या पहाटे काका अंगणात ब्लँकेट पांघरून बसले होते. शेजारच्या चुलीचा धूर सरळ वर निघाला, कौलांच्या थोडा वर गेला आणि तिथे अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा झाला. मग गावभर त्याच उंचीवर पसरत गेला. काका उठून उभे राहिले. त्यांना दिसलं: निरभ्र रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, गार हवा जड, आणि जड हवा पाण्यासारखी उताराला लागते. रात्रभर ती ओघळत येते आणि परातीच्या तळाला साचते. वर तिच्यापेक्षा उबदार हवेचं झाकण. धूर त्या झाकणाला टेकला होता. काकांनी काकूंना उठवून धूर दाखवला. काकू म्हणाल्या, "लाकडं ओली आहेत त्यांची."

त्या दिवसापासून हवापालटाला माथेरानला निघालेल्या माणसांना काका कडाव नाक्यावर अडवतात. "थंडी पाहिजे ना? पहाटे पाचला आमच्या खाचरात उभे राहा. तिकीट नाही."

१९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर कितीतरी सकाळी माझा फोन वाजला नाही. मी भेटायला गेलो तर काका घरी नव्हते. तांबडा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन ते वरच्या वाडीवर गेले होते. तिथल्या बाटलीभोवती त्यांनी एक तांबडी रेघ ओढली आणि पोराला सांगितलं, पाणी रेघेला लागलं की आकडा वाचायचा नाही, मला फोन करायचा नाही, बाटली उचलायला परत फिरायचं नाही. सगळ्यांना उठवायचं आणि खाली शाळेत जायचं. रेघ कुठे ओढायची याचं शास्त्र माझ्याकडे नाही, म्हणून पार खाली ओढली, असं मला सांगताना ते पहिल्यांदाच अंदाजाने बोलत होते.

पुढच्या जुलैत एका सकाळी असाच फोन आला नाही. दिवसभर चैन पडेना. संध्याकाळी कर्जतला उतरलो तो थेट त्यांच्या ओट्यावर. वही उघडीच होती. कडाव, ६२.०. माथेरान, १७१. वाडीच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'रात्री एक. माणसं शाळेत. कोंबड्याही.'

"आणि दरड?"

"कसली दरड? काही झालं नाही. रात्रभर डास चावले म्हणून पोरगा मला शिव्या घालतोय." काका एवढे खुशीत मी त्यांना क्वचित पाहिले होते. नऊ-दहा वर्षांच्या वहीत एक भोक पडलं होतं आणि ते त्याच्याकडे नातवाच्या जावळाकडे बघावं तसे बघत होते.

कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी हाक दिली. "काका, वर किती झाला?"

"मोजला नाही."

शेजारी कुंपणाला धरून उभे राहिले. आपण ऐकलं ते खरं का, हे ठरवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर आशा उगवली. "मोजला नाय म्हणजे... पासष्टच्या वर धरायचा ना?"

"खुशाल धर."

"मग आमच्याकडं पण..."

"तो तिथला पाऊस आहे," काकांनी वही मिटली. "तुझा बासष्ट."